चाकांना हात लावण्याचे कारण

गजाननने ओढ्याच्या अलीकडे जीप थांबवली. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांपाशी जाऊन प्रत्येकाच्या मध्यभागी हात टेकवला आणि तो कपाळाला लावला. पुन्हा आत बसून त्याने गिअरशेजारचा आखूड दांडा ओढला. मी काठावर छत्री आणि फाइल सांभाळत उभी होते. जीप काळ्या चिखलात चार हात पुढे गेली आणि बसली. मागची चाके जागच्या जागी गरगरू लागली.

"बघा मॅडम," गजानन खिडकीतून म्हणाला, "रस्त्याला मस्त पळते. चिखुल दिसला की बसते. दम न्हाई राहिला हिच्यात."

पलीकडच्या तांड्यावरचे एक गृहस्थ बैलजोडी घेऊन आधीच येऊन थांबले होते. "काहून गजू, डिझेलची बैलं थकली का? चाऱ्याची आणू?"

सगळे हसले. मीही हसले, कारण अशा वेळी नेमके काय करावे ते मला अजून कळत नसे.

मी वाहनांची मूल्यांकनकार आहे. म्हणजे एखादी गाडी तपासून ती किती कामाची उरली आहे, दुरुस्त करावी की बदलावी, हे लेखी सांगणे हा माझा व्यवसाय. बावीस वर्षे मी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकवले. स्वेच्छानिवृत्ती घेऊन या कामात उतरले तेव्हा पन्नाशी उलटली होती. गाडीचा प्रत्येक भाग मला फळ्यावर काढता येत होता, पण गाडीखाली वाकून पाहताना चार माणसे बघत असली की संकोच वाटे. ही माझी पाचवी की सहावी केस असावी.

जीप एका धर्मादाय संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची होती. सेनगाव तालुक्यातल्या आडवाटेच्या वस्त्यांवर ती सुनंदा सिस्टरला घेऊन जाई. दर गुरुवारी या तांड्याची पाळी. गेल्या पावसाळ्यापासून मात्र जीप ओढ्यात रुतू लागली, आणि चिखल असेपर्यंत तांड्याचा गुरुवार बंद पडला. त्याच काळात एका बाळंतिणीला बाजेवर घालून चार जणांनी ओढा पार केला होता. आई आणि बाळ वाचले. यंदाही तांड्यावर दोघींचे दिवस भरत आले होते.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर होते. त्यांनी मला बोलावले तेव्हाच सांगितले होते, "मॅडम, निर्णय झालेला आहे. जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन नवी घ्यायची. शोरूमचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी जीप न्यायला येतोय. ट्रस्टींसाठी तुमचा एक रिपोर्ट फाइलला हवा, इतकंच."

मी "बरं" म्हटले. मी बहुतेकांना "बरं" म्हणते.

नव्या गाडीचे पत्रक त्यांनी मला दिले होते. उंच, रुबाबदार गाडी. चित्रात ती डोंगराच्या माथ्यावर उभी होती. मागच्या पानावर बारीक अक्षरात माहिती होती, तिथे मला अडखळायला झाले. इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. साध्या भाषेत सांगायचे, तर उंची आणि रूप ऑफ-रोड गाडीचे, पण चिखलात ओढणारी चाके दोनच. जुनी जीप फोर बाय फोर होती. तो आखूड दांडा ओढला की चारही चाकांनी ओढायला हवे. सेनगावच्या मेकॅनिकने मात्र तिची ही यंत्रणा निकामी झाल्याचे आणि पार्ट मिळत नसल्याचे सांगितले होते. मग दोन्ही गाड्या सारख्याच, आणि सारख्यातली नवी घ्यावी, हे उघड होते.

ओढ्यावरची ती ट्रायल गुरुवारी होती. बैलांनी जीप मागे ओढली आणि मी एसटीने हिंगोलीला घरी परतले. "यंत्रणा निकामी, वाहन बदलावे" असा मसुदा दुपारीच लिहून झाला. परंतु सही होईना.

कारण मी काहीतरी पाहिले होते. जीप रुतलेली असताना मी क्षणभर वाकून खाली डोकावले होते. इंजिनाकडून पुढच्या अ‍ॅक्सलकडे, म्हणजे चाकांच्या आसाकडे जाणारा लांब दांडा, त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, तो फिरत होता. पुढची चाके मात्र निपचित होती. मी तिथे काहीच बोलले नव्हते. चष्म्यावर पाणी होते आणि सहा पुरुष माझ्याकडे पाहत होते. आपल्याला भास झाला असेल, असे मी स्वतःला सांगितले.

घरी कागदावर आकृती काढली. शाफ्ट फिरतो, म्हणजे ताकद अ‍ॅक्सलपर्यंत पोहोचते. मेकॅनिक म्हणाला ते खरे नाही. दोष त्यापुढे, थेट चाकापाशी. आणि दोन्ही चाके एकाच वेळी नादुरुस्त होणे अवघड. जुन्या धाटणीच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकाच्या मध्यभागी एक चकती असते. ती फिरवून 'लॉक'वर आणली की चाक अ‍ॅक्सलला जोडले जाते, 'फ्री'वर नेली की सुटते. एरवी रस्त्यावर डिझेल वाचावे म्हणून ती सुटी ठेवतात. आधी खाली उतरून हाताने दोन्ही चकत्या फिरवायच्या, मग दांडा ओढायचा. चाकांवर चकचकीत स्टीलच्या वाट्या बसवलेल्या पाहून या जीपला तशा चकत्या नसाव्यात, असे मी गृहीत धरले होते.

मी सिस्टरला फोन केला.

"सिस्टर, गजाननच्या आधी ही जीप कोण चालवायचं?"

"युसूफचाचा. इथल्याच गोरेगावचे. डोळ्याचं ऑपरेशन झालं नि काम सोडलं त्याहिनं. काहून हो?"

"ओढा आला की ते खाली उतरायचे का?"

"उतरायचे की! दोन्ही चाकांपाशी बसायचे, हात लावायचे, तोंडानं काहीतरी पुटपुटायचे. आमाला वाटायचं, गाडीसाठी दुवा मागून राहिले. अन् त्याहिच्या हातानं गाडी कधी रुतली न्हाई बघा. म्हणून तर गजूला मीच सांगितलं, बाबा, चाचासारखा चाकाला हात लावत जा."

मी आकृतीतल्या चकतीभोवती गोल काढला. मग डॉक्टरांना फोन लावला. त्यांना उलट बोलायचे, म्हणून वाक्य आधी कागदावर लिहून घेतले आणि वाचून दाखवले: "उद्या सकाळी आणखी एक ट्रायल घेतल्याशिवाय मला सही करता येणार नाही."

"अहो, आता काय राहिलं त्यात?"

"मला नक्की माहीत नाही. म्हणूनच."

"ठीक आहे. पण संध्याकाळी माणूस येणार आहे, लक्षात ठेवा."

शुक्रवारी सकाळी आम्ही गोरेगावात चाचांना जीपमध्ये घेतले. पांढरी दाढी, काळा चष्मा. जीपजवळ येताच त्यांनी चाक चाचपले आणि भुवया उंचावल्या. "ह्या वाट्या कुणी बसवल्या?"

"मी, चाचा," गजानन म्हणाला. "दसऱ्याला कलर केला तवा. शोभून दिसते ना?"

"दिसते. अन् लॉक कुठं गेलं?"

"कसलं लॉक?"

"ओढ्यावर दाखवतो," चाचा म्हणाले. ओढ्यापर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

डॉक्टर स्वतःच्या गाडीने आले होते. पॅण्ट वर दुमडून, हाताची घडी घालून ते काठावर उभे राहिले. गजाननने स्क्रू ड्रायव्हरने वाटी उचकटली. आत चिखल, आणि त्याखाली हळदीकुंकवाचा वाळलेला थर. तो खरवडला तेव्हा मळलेली चकती दिसली आणि तिच्यावरचा बाण. बाण 'फ्री'कडे होता. दुसऱ्या चाकावरही तसाच.

खरी धास्ती आता होती. इतके महिने न फिरलेली चकती जाम झाली असेल किंवा आतून झिजली असेल, तर माझा संशय खरा ठरूनही उपयोग शून्य होता. रॉकेल घातले, थांबलो. गजाननने पकड लावली. चकती हलली नाही.

"ताकद नको लावू," चाचा म्हणाले. "सरक." ते चाकापाशी बसले. तळहात चकतीवर ठेवून त्यांनी ती आधी उलट्या बाजूला किंचित दाबली, मग सुलट. पुटपुटलेही. खट्‌ असा आवाज आला. तो मी आजवर फक्त वर्गात तोंडाने काढून दाखवला होता.

दुसरी चकती चाचांनी गजाननकडून फिरवून घेतली. मग त्याने दांडा ओढला. जीप चिखलात शिरली, थोडी खचली, आणि पुढच्या चाकांनी माती धरली. पाणी बंपरला लागले. ती सावकाश, न घसरता, पलीकडच्या चढावर जाऊन उभी राहिली. कालचे बैलवाले गृहस्थ तिथेच होते. "चला रे," ते बैलांना म्हणाले, "आपली नोकरी गेली."

जीपमधूनच पलीकडे गेलेली सिस्टर औषधांची पेटी घेऊन खाली उतरली. गुरुवार हुकला होता, पण तिने शुक्रवारी तो भरून काढला. मी काठावरच्या दगडावर बसले. काल मी जवळजवळ सही केली होती.

"चाचा, हे तुम्ही गजूला सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी विचारले.

"विचारलं कुणी, साहेब? चावी सिस्टरपाशी दिली नि ऑपरेशनला गेलो. मला वाटलं, शिकलेला ड्रायव्हर हाय, त्याला म्हाईत असंल. आपण सांगायला जावं तर म्हणायचा, म्हातारा शहाणपणा शिकवून राहिला."

"अन् ते पुटपुटणं?" सिस्टरने पलीकडून ओरडून विचारले.

"दुवाच मागत होतो, बेटी. पण हात लॉकला होता!"

डॉक्टरांनी तिथूनच शोरूमला फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, काल नुसतं 'बरं' म्हणून सही केली असती, तर नवी गाडी घेऊन आम्ही पुन्हा इथेच बसलो असतो." मी "हो" म्हटले.

नाराज एकटा गजानन होता. "मंग एसीचं काय?" त्याचे म्हणणे गैर नव्हते. त्या जीपमध्ये उन्हाळ्यात माणूस भाजून निघे, आणि पुढच्या सीटबेल्टची कडी तुटलेली होती. मी रिपोर्टमध्ये नवे बेल्ट, पाट्यांच्या स्प्रिंगचे रबरी बुश आणि ड्रायव्हरसाठी पंखा सुचवला. शिफारशीत लिहिले: वाहन बदलू नये. चाकांवरच्या वाट्या काढून ठेवाव्यात. ड्रायव्हर बदलताना जुन्याने नव्याला गाडी ओढ्यावर नेऊन दाखवावी.

नंतर एकदा मी त्या वाटेने गेले, तेव्हा गजानन ओढ्यापाशी उतरलेला दिसला. त्याने दोन्ही चकत्या फिरवल्या, खट्‌ आवाज ऐकला, आणि मग हात कपाळाला लावला. तांत्रिकदृष्ट्या या शेवटच्या कृतीची आवश्यकता नाही. मी त्याला तसे सांगितलेले नाही.