आमचा डॅनियल

लंडनमध्ये एजवेअरला आमच्या शेजारी राहणारे काका मूळचे ठाण्याचे, बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या वडिलांचं नाव डॅनियल, त्यामुळे जगातल्या यच्चयावत डॅनियलांवर काकांचा हक्क. सिंहांच्या गुहेतून सुखरूप बाहेर आलेला तो प्रेषित तर घरचाच. पण "आमच्या डॅनियलने काल पेनल्टी घालवली हो," असं कुंपणावरून सांगतानाही त्यांचा चेहरा सख्खा पुतण्या नापास झाल्यासारखा होतो. बातम्यांत एखादा डॅनियल चोरी करताना सापडला, की मात्र म्हणतात, "तो आमच्यातला नव्हे."

माझ्या मुलीने बाळाचं नाव डॅनियल ठरवलं. "आई, इट्स सो इझी. शाळेत कोणी काही विचारणार नाही." आता काकांना स्वर्ग दोन बोटं उरणार, म्हणून मी त्यांना अगदी आग्रहाने बारशाला बोलावलं.

काका टाय लावून आले. घुगऱ्या खाल्ल्या, पाळण्याची दोरी धरली, पण नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी मीच विचारलं, "तुमच्या मुलालाही आजोबांचंच नाव ठेवलं असेल ना?"

"त्याचं नाव विजय."

"का हो?"

"ठाण्यात सोपं जावं म्हणून. शाळेत कोणी काही विचारू नये."

तेवढ्यात बाळ किरकिरलं. काकांनी टाय सावरला, पाळण्यात वाकले आणि हळूच म्हणाले, "अहो बाबा, झोपा आता."