पेटीचे तोंड केवढे?

पेटीमास्तरांना सगळी पेठ ओळखत असे, पण त्यांच्या हातची एकही वस्तू पेठेत कुणाच्या घरी नव्हती. कपाटे, पलंग, टेबले ही कामे त्यांनी केव्हाच सोडली होती. त्यांची गिऱ्हाइके रानात राहत. जुनी पोकळ झाडे कमी झाली, चिमणीएवढ्या रानपक्ष्यांना अंडी घालायला जागा उरेना, तेव्हा राज्याच्या वन्यजीव विभागाने झाडांवर लाकडी पेट्या टांगायला सुरुवात केली. त्या पेट्या बावीस वर्षे मास्तर करत आले होते.

काम मिळण्याची रीत साधी होती. थंडी सरली की विभागाचा भांडारपाल सायकल घेऊन येई, "मास्तर, यंदा चारशे," म्हणे, चहा घेई आणि जाई. कागद मागाहून येत, कधी कधी पेट्या झाडावर चढल्यानंतर. कुणी कधी विचारले नाही आणि मास्तरांनीही कधी काळजी केली नाही.

यंदा भांडारपाल आला नाही. त्याच्याऐवजी नोटीस आली. विभागात खरेदीच्या कामावर नव्या बाई आल्या होत्या आणि त्यांनी तोंडी कामे बंद केली होती. ज्याला काम हवे त्याने रीतसर निविदा भरावी. डोंगराकडच्या दोनशे पेट्या आणि तळ्याकडच्या दोनशे, असे दोन वेगळे भाग. ज्याचा दर कमी, त्याला तो भाग.

मास्तरांची मुलगी एका दवाखान्यात कागदपत्रे सांभाळत असे. तिने बावीस पानांचा तो गठ्ठा छापून आणला आणि मांडी ठोकून वाचायला बसली.

"बाबा, हे बरंच झालं. उद्या साहेब बदलले तरी तुमचं काम कुणाच्या मर्जीवर राहणार नाही."

"इतकी वर्षं कुणाची मर्जी होती? पेटी चांगली होती म्हणून काम येत होतं."

"मग आताही पेटीच जिंकेल. घाबरता कशाला?"

"घाबरतो कुठे? वाच पुढे."

नवव्या पानावर पेटीची मापे होती. उंची बरोबर, फळीची जाडी बरोबर. मग मुलीने वाचले, "दर्शनी फळीवर गोल भोक, व्यास सहा सेंटिमीटर."

मास्तरांनी हातातला रंधा खाली ठेवला. "परत वाच."

"सहा."

"तीन असेल."

"बाबा, मला अंक वाचता येतात."

मास्तर तीनचे भोक पाडत. तेवढ्यातून पक्षी अंग घासत कसाबसा आत जाई, आणि त्याच्याहून मोठे कुणी जाऊ शकत नसे. सहाचे भोक म्हणजे खारीला उघडे दार. ती आत शिरणार, अंडी खाणार आणि वर तिथेच संसार थाटणार. चारशे पेट्या टांगायच्या त्या काय खारींसाठी?

शेवटचे पान तर त्याहून वाईट निघाले. सर्व अटी जशाच्या तशा मान्य आहेत, अशी तिथे सही करायची होती. मापात स्वतःहून बदल केला की निविदा बाद. म्हणजे सही केली तर चुकीची पेटी करायची, आणि बरोबर पेटी लिहिली तर बावीस वर्षांचे काम हातचे जायचे. इकडे आड तिकडे विहीर.

बायको स्वयंपाकघरातून सगळे ऐकत होती. "अहो, सही करा आणि मोकळे व्हा. गिऱ्हाइकाला सहा हवंय, सहा द्या. तुम्हाला काय त्या पेटीत राहायचंय?"

"मला नाही, पण ज्यांना राहायचंय ती माझी माणसं आहेत."

"माणसं म्हणे! आमच्या माहेरच्यांना कधी इतक्या काळजीनं जागा दिली नाहीत."

मुलीने हसत पान उलटले. मंगळवारी अकरा वाजता शंका विचारण्यासाठी विभागाची बैठक होती. "बाबा, तिथे जाऊन विचारा. त्यासाठीच ठेवलीय."

बैठकीला लांबलचक टेबलाभोवती चौघेजण आले होते. मास्तरांच्या शेजारी मोठ्या रस्त्यावरच्या फर्निचर शोरूमचा मालक बसला होता. वयाने तरुण, बोलायला गोड, पण जिभेला धार.

"काय मास्तर, तुम्हीही? तुमचं तर घरचं काम ना हे?"

"घरचंच आहे, शेठ. म्हणून आलो बघायला, पाहुणे कोण कोण आलेत."

बाई वेळेवर आल्या, हजेरी घेतली आणि शंका विचारा म्हणाल्या. मास्तर उभे राहिले. "भोक सहाचं लिहिलंय ते चुकलंय. तीनचं पाहिजे."

"चुकायचं कारण नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी स्वतः मोजलंय. आणि तुमच्याच पेटीवरून मोजलंय."

शोरूमवाला खुदकन हसला. "मास्तर, पक्ष्यांनी सांगितलं का तुम्हाला, दार केवढं हवं ते?"

"सांगतात की. बावीस वर्षं भाडं दिलं नाही, पण तक्रार दर वर्षी करतात."

टेबलावर हशा पिकला, पण मास्तरांचे कान तापले होते. त्यांची पेटी, आणि भोक सहाचे? त्यांनी ती पेटी बघायला मागितली. भांडारपालाने ती कपाटातून काढून आणली. पावसाने काळी पडलेली, पण मास्तरांचीच. ते ती घेऊन खिडकीपाशी गेले, भोकाच्या कडेवरून एकदा बोट फिरवले आणि मोठ्याने हसले.

"मॅडम, जरा इकडे या. हात लावून बघा. गिरमिटानं पाडलेलं भोक गुळगुळीत असतं. ही कड कशी लागते?"

बाईंनी बोट फिरवले. "खाचा आहेत."

"दात आहेत ते. मी तीनचं पाडलं होतं. पुढचं काम खारीनं केलंय."

भांडारपाल खाली बघत पुटपुटला, "नव्या पेट्या सगळ्या झाडावर होत्या, मॅडम. ही परत आलेली तेवढी हाताशी होती."

आता बाईंनाच हसू आवरेना. "म्हणजे सरकारी निविदेत मी खारीचं माप घातलं!"

शोरूमवाल्याचे तोंड मात्र पडले. "मॅडम, छापलं ते छापलं. मी फळ्यांना सहाची भोकं पाडून ठेवलीत."

"काम मिळायच्या आधीच?"

"तयारी, मॅडम."

"मग आता पुन्हा तयारी करा." बाई मास्तरांकडे वळल्या. "तोंडी मला धरता येत नाही. काय चुकलं आणि का, एवढं लिहून द्या. शुद्धिपत्रक निघेल आणि ते सगळ्यांना जाईल."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुम्हाला जे माहीत आहे ते इतरांनाही माहीत हवं. नाहीतर ही पुन्हा तुमची घरचीच पेटी."

मास्तरांनी शेजारी बघितले. बावीस वर्षांत शिकलेले शेठच्या पदरात फुकट टाकायचे होते. त्यांनी पेन हातात घेतले, थोडे घुटमळले आणि वेडेवाकडे का होईना, चार ओळी लिहून दिल्या.

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "झालं! प्रतिस्पर्ध्याची शिकवणी घेऊन आलात!"

पंधरवड्याने सर्वांसमोर पाकिटे उघडली. एकाने दोन पानांवर सही केली नव्हती, तो बाद. चौथ्याचा दर सगळ्यांहून चढा. डोंगराकडचा भाग मास्तरांना मिळाला. तळ्याकडच्या भागात शोरूमवाला त्यांच्याहून थोडा खाली उतरला होता. बाईंनी दोघांचे निकाल वाचले आणि फळ्यावर लावले. मास्तरांचे अर्धे काम गेले, अर्धे राहिले, आणि राहिलेले पहिल्यांदाच कामाच्या आधी कागदावर आले. ते वाटेने दोन्ही अर्धी तोलत घरी आले. रागवावे की हसावे, ते त्यांना ठरवता येईना.

काम सुरू होऊन तिसऱ्या दिवशी फोन वाजला. शोरूमवाला होता, आणि आवाजात धार मुळीच नव्हती.

"मास्तर, पेटीला आतून रंधा मारायचा ना? चकचकीत करून घेतो."

"अरे, नको!" मास्तर ओरडलेच. "आतून खरखरीत ठेव. पिल्लं नखं रोवून वर चढणार कशी? आणि तळाला पाणी जायला चार भोकं पाड. ऐक, थांब, सगळंच सांगतो."

ते अर्धा तास सांगत राहिले. बायको दारात उभी राहून ऐकत होती. फोन खाली ठेवताच तिने विचारले, "तळ्याकडच्या पेट्या त्याच्या ना?"

"पेट्या त्याच्या. पिल्लं त्याची नाहीत."

तिने निवलेला चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला नेला. मास्तरांनी पुढची फळी घेतली, तिच्यावर तीन सेंटिमीटरचे वर्तुळ आखले आणि गिरमिट टेकवले.