खंडित म्हणजे

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो. आज त्या वासाबरोबर अंतराळयानांच्या मालिकेतली एक जुनी इंग्रजी कादंबरी हाती आली, आणि मी थेट म्हैसूरच्या बन्नीमंटपमधल्या माहेरघरात, बाबांच्या शिलाई मशीनशेजारी, नव्या साडीत घामेजून बसले.

पुण्याहून मला बघायला आलेल्या मुलाला कोनाड्यात हेच पुस्तक दिसलं. "कसा वाटला हा भाग?" त्यानं विचारलं.

"फसला," मी म्हणाले. "मेलेला कप्तान परत आणायला नको होता. मग आधीच्या भागात आपण रडलो कशाला?"

आईनं मला चिमटा काढला. त्याचा चेहरा पडला. तो भाग त्याचा सगळ्यात लाडका होता. तरी त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, आणि तिथंच तो मला आवडला.

त्याचे वडील घसा खाकरून म्हणाले, "मग, सोयरीक जमली म्हणायची का?"

"खंडित," बाबा म्हणाले.

बश्यांचा आवाज थांबला. मुलाच्या आईनं पर्स उचलली. बाबा गोंधळून बघत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात काढलेल्या आमच्या घरात, मराठीत खंडित म्हणजे तुटलेलं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मराठी मासिकं वाचणारी मी एकटीच मराठी आणि कानडी असे दोन्ही अर्थ जाणत होते. पण मुलीनं आपणहून बोलायचं कसं? तो उंबऱ्यापाशी चपला घालत होता.

"आमच्याकडे खंडित म्हणजे नक्की," मी म्हणाले.

कप्तानाचा विषय निघाला की हे अजून विचारतात, "मग मला उंबऱ्यावरून परत आणलंस, ते बरं चाललं?"