मुलींच्या मागचा बाक

माझ्या सत्काराच्या निमित्ताने इथल्या मराठी मंडळींनी काढलेल्या अंकात माझ्यावर जो लेख आहे, त्यात माझ्या वडिलांचे वाद्यसुद्धा चुकले आहे. ते दरबारच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत, बिगूल नव्हे. ही चूक मी सोडून देतो. परंतु त्याच लेखात म्हटले आहे की, माझ्या एकुलत्या एका कादंबरीचे कथानक मला आमच्या फादरांनी पुरवले आणि तिचा शेवट मी चर्चच्या दडपणाखाली गुळगुळीत केला. ही दोन्ही विधाने खोटी आहेत. पहिल्या विधानाने एका मृत माणसाची अब्रू जाते, म्हणून या वयात पुन्हा भांडायला उभे राहावे लागत आहे.

मध्य भारत राज्य तेव्हा नवे होते. राजधानी उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून इंदूरला येई, तिच्याबरोबर मंत्री येत आणि आम्हा पत्रकारांचे पोट भरे. माझे साप्ताहिक मराठी. ते घेणारे बहुतेक जुन्या दरबारी नोकरदारांच्या घरांतले. कॅथलिक वाचक मूठभर. संपादक, वार्ताहर आणि मुद्रितशोधक मीच. राजधानी परत गेली की पाने रिकामी पडत, आणि ती भरण्यासाठी मी कादंबरी लिहू लागलो. अंकातल्या लेखकाने याला साहित्यसेवा म्हटले आहे.

कथा साधी होती. एका बाईने लग्नाआधी झालेली मुलगी सिस्टरांच्या अनाथाश्रमात ठेवली आहे. दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आश्रमातल्या मुली पुढच्या बाकांवर बसतात आणि ती बरोबर त्यांच्या मागच्या बाकावर. मुलीची पाठ आणि वेणी, एवढेच तिला दिसते. नाताळात ती आश्रमातल्या सगळ्या मुलींना लाल रिबिनी वाटते, कारण त्यांतली एक आपल्या मुलीला देता येते.

हे सर्व मी कल्पिले. आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला बसत, स्त्रिया दुसऱ्या बाजूला. मी अगदी पुढे बसत असे आणि मागे वळून पाहण्याची मला सवय नव्हती. रिबिनींचा हप्ता छापून आला त्या रविवारी मात्र झाडून साऱ्या बायकांनी त्या बाकाकडे पाहिले. तिथे एक विधवा शिक्षिका बसली होती. ती वर्षानुवर्षे तिथेच बसे आणि नाताळात रिबिनी वाटे.

त्या दिवसापासून चर्चच्या आवारात एकच प्रश्न होता: याला सांगितले कोणी? फादर आणि मी संध्याकाळी बुद्धिबळ खेळतो हे सर्वांना ठाऊक होते. पापनिवेदनात कानावर पडलेले याजकाने जीव गेला तरी उच्चारायचे नसते. उच्चारले तर त्याचे याजकपण संपले. तक्रार बिशपांकडे गेली.

मी चौकटीत खुलासा जुळवायला दिला: ‘कथा व पात्रे सर्वस्वी काल्पनिक.’ छापखान्याचा मालक जुन्या फौजेतल्या घराण्यातला. प्रूफ वाचून तो हसला.

“भिया, चोर दारावर पाटी लावतो का, मी चोर नाही म्हणून? आता जिसको मालूम नहीं था, त्यालाही कळेल.”

“मग कादंबरी बंद करू?”

“बंद केली तर म्हणतील, घबरा गया. चालू ठेवली तर म्हणतील, फादर अजून सांगतोच आहे. फसले भिया तुम्ही, पूरे फसले.”

खुलासा छापला आणि तसेच झाले. लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, “काय हो, कल्पना कुठून आणली?” मी ‘सुचले’ म्हणालो की ते डोळे मिचकावीत. खरे बोलूनही ते कुठेच पोहोचत नाही, हा अनुभव माणसाला वेडा करतो. मी जेवेनासा झालो.

शेवटी फादरांकडे गेलो. ते दुधीच्या वेलाला पाणी घालीत होते.

“मी कोणाला काही सांगितलेले नाही, असे बिशपांना कळवले आहे,” ते म्हणाले.

“तेवढ्याने भागणार नाही. त्या बाईने तुमच्याजवळ असे निवेदन कधी केलेच नाही, हे सांगा.”

“ते सांगता येणार नाही.”

“म्हणजे केले आहे?”

“तेही सांगता येणार नाही. माझ्या कानात काय आले नाही, हेसुद्धा माझ्या तोंडून निघायचे नाही.”

“तुम्हाला काढतील!”

“काढतील. मग हरायला तुला दुसरा गडी शोधावा लागेल.”

मी त्यांच्यावर ओरडलो, विनवण्या केल्या. त्यांनी वेलाला काठी लावली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कंपॉझिटर जेवायला गेले असताना, ती शिक्षिकाच छापखान्यात आली. बसली नाही.

“फादरांनी सांगितलं का? हो की नाही, एवढंच म्हणा.”

“नाही. ख्रिस्ताला साक्षी ठेवून सांगतो, नाही.”

“मग रिबिनी?”

“बाई, कोणाला कळू न देता मुलीला काही द्यायचे असेल तर आई काय करील, याचा मी विचार केला. मला एवढेच सुचले.”

“मलाही एवढंच सुचलं होतं,” ती म्हणाली.

माझ्या लेखणीला याहून मोठा सन्मान मिळालेला नाही, आणि हा सन्मान कोणालाही दाखवण्यासारखा नव्हता. फादरांना सोडवणारी साक्ष माझ्यासमोर उभी होती. ती वापरायची तर ही बाई उघडी पडणार होती.

“पुढे मुलीला कळतं का?” तिने विचारले. “ती वाचते हो. सिस्टरांकडे तुमचा अंक येतो.”

मुलीला कळते तो प्रसंग लिहून तयार होता. माझ्या हातून त्याहून चांगले काही लिहिले गेलेले नाही.

“नाही कळत,” मी म्हणालो.

तो प्रसंग मी फाडला. शेवट गुळगुळीत झाला तो असा. मला कोणत्याही बिशपाने दडपले नाही.

फादरांची बदली डोंगरातल्या एका मिशनच्या ठाण्यावर झाली. बेटम्यावरून धारकडे जाणाऱ्या मोटारीत मी त्यांची पेटी चढवली.

“शेवट काय केलास?” त्यांनी विचारले.

“मुलीला कळत नाही.”

“बरा आहे.”

मी त्यांचा चेहरा न्याहाळला. त्यावर काहीही नव्हते. तेवढेसुद्धा त्यांनी मला दिले नाही.

ते गेले. ती शिक्षिका गेली. मुलगी काही न कळताच गेली, म्हणून आज हे लिहिता येते. पण माझ्या बाजूने बोलेल असे आता कोणी उरलेले नाही. अंकातला लेखक म्हणतो, नंतर माझी प्रतिभा आटली. ती आटली नव्हती. मला सुचत होते. सुचलेले कोणाच्या तरी घरात खरे निघेल, या धास्तीने मी ते कागदावर येऊ दिले नाही.

शेवटचा हप्ता निघाल्यानंतरच्या रविवारी मी मिस्सेत प्रथमच मागे वळून पाहिले. मुलींच्या मागचा बाक रिकामा होता. शिक्षिका दाराजवळच्या खांबाआड बसली होती. तिथून वेदी दिसते, मुली दिसत नाहीत.