द्राक्षं कोळवणात येतात का

कोळवणच्या कुशाबानं एकदा ‘न्हाई’ म्हटलं की न्हाई. एक वेळ भैरोबा कौल बदलील, पण कुशाबा बदलायचा नाही, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. पन्नाशी ओलांडलेला, उंच, काटक माणूस. भाताची सहा खाचरं, एक विहीर, दोन बैल, बायको तुळजाबाई आणि जयसिंग नावाचा एकुलता एक मुलगा, असा त्याचा संसार. त्यातला मुलगा कार्तिकात गेला. तेव्हापासून कुशाबा ‘न्हाई’ म्हणेनासा झाला आणि ‘व्हय’ही म्हणेनासा झाला. कुणी काही विचारलं तर नुसता बघत राहायचा, आणि विचारणाराच कंटाळून निघून जायचा.

साल असेल चौसष्ट. माघ सरत आला होता आणि एके दिवशी ग्रामसेवक दारात येऊन उभा राहिला.

त्याचं असं झालं होतं. मुळशीकडच्या शेतकऱ्यांना उरुळीच्या बाजूच्या द्राक्षबागा दाखवून आणायच्या, असं सरकारच्या मनात आलं होतं. सहा शेतकरी, एक जीप, पहाटे निघायचं आणि दिवेलागणीला परत. नावं दसऱ्याच्या सुमारास पुण्याला गेली आणि मंजुरी आली चार महिन्यांनी. सरकारी काम, त्याला कोण घाई करणार! पहिलंच नाव होतं जयसिंग कुशाबा. तोवर त्याचं दहावं, तेरावं सगळं उरकलं होतं.

“कुशाबा, कागदावर सहा नावं आहेत,” ग्रामसेवक खाली बघत म्हणाला. “पाचच माणसं नेली तर वरून विचारणा होईल. नवं नाव घालायचं तर पुन्हा मंजुरी आणायला हवी. तुम्हीच चला की. जयसिंगच्या नावावर.”

बोलून झाल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली असावी, कारण तो टोपी काढून पुसायला लागला. माणूस वाईट नव्हता. कागदाला भीत होता इतकंच.

कुशाबा नेहमीसारखा बघत राहिला. तेवढ्यात तुळजाबाई आतून बाहेर आली. चार महिन्यांत ती नवऱ्याशी चार शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. ती म्हणाली, “जात्याल म्हनावं.” मग तिनं कुशाबाकडं सरळ पाहिलं. “जावा तुमी. आन तितल्या जाणत्या मानसाला येक इच्यारून या. द्राक्षं कोळवणात येत्यात का न्हाईत? माझं प्वार खरं हुतं का तुमी, त्येवढं मला कळू द्या.”

आता हे खरंखोटं काय होतं, ते सांगायला पाहिजे.

जयसिंग पौडच्या शाळेत सातवी झालेला. दोन वर्षांपूर्वी तांदूळ घेऊन पुण्याच्या मंडईत गेला आणि येताना कागदाच्या पुडीत पावशेर द्राक्षं घेऊन आला. त्या दिवसापासून पोराच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. विहिरीजवळच्या खाचरात भात बंद करायचा आणि द्राक्षाचे वेल लावायचे. शेतकी खात्याची पुस्तकं आणली, उरुळीच्या सहलीत आपलं नाव घातलं. “बघून तरी येतो,” म्हणाला. कुशाबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “न्हाई. चार महिनं हितं आभाळ फाटतंय. चपलंला बुरशी येती, तितं तुजी द्राक्षं टिकत्यात व्हय?”

इथवर ठीक होतं. बापानं नाही म्हणायचं आणि पोरानं फुगून बसायचं, हे घरोघरी चालतं. पण दसऱ्याला चावडीवर माणसं जमली होती, आणि कुणीतरी थट्टेनं द्राक्षांचं विचारलं. कुशाबा सगळ्यांदेखत म्हणाला, “आमचं प्वार खुळं हाय. घरचा भात ग्वाड लागंना, ह्याला सायबाचं फळ पायजे.” माणसं हसली. जयसिंग उठला आणि घरी निघून गेला. बावीस वर्षांचा बाप्या होता तो. त्याला आख्ख्या गावात खुळा ठरवायचं काय नडलं होतं?

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. खाण तशी माती, दोघंही सारखेच हट्टी. मधे आई. “आबास्नी म्हनावं, बैलं पानी प्याली न्हाईत.” “त्येला म्हनावं, मला डोळं हायेत.” दोघं एकाच चुलीपुढं बसून हे बोलायचे. तुळजाबाई आधी हसली, मग चिडली, मग रडली. कुणी ढिम्म हलेना. कुशाबाला वाटायचं, पोरानं आधी बोलावं. पोराला काय वाटायचं, ते विचारायचंच राहून गेलं.

भात कापणीला आला. एरवी दोघं एकाच वळीत शेजारी शेजारी कापायचे, कोण पुढं जातो म्हणून ईर्ष्या चालायची. त्या वर्षी एक या टोकाला लागला, एक त्या टोकाला. पलीकडच्या टोकाला जयसिंगला पान लागलं. आमच्याकडं साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तो ओरडला, “आये!” कुशाबानं ऐकलं. त्याला वाटलं, पाणी मागत असंल. आपल्याला थोडीच हाक मारलीय, म्हणून त्यानं मान वर केली नाही. दोन मुठी भात कापायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग तुळजाबाई किंचाळली.

तेवढ्या वेळानं काही फरक पडला नसता, असं मांत्रिक म्हणाला, पौडचा डॉक्टर म्हणाला, गाव म्हणालं. कुशाबा काही म्हणाला नाही. तो रडलाही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मेल्यासारखा होतो ना, आपलाच पाय पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसा तो आख्खा झाला होता. खायचा, झोपायचा, बैलांना वैरण घालायचा. दुखत मात्र काही नव्हतं. आणि ह्याचीच त्याला मनातून धास्ती वाटत होती.

सहलीच्या दिवशी जीप चावडीपुढं येऊन थांबली. पुढं ड्रायव्हरशेजारी सरपंच हैबतराव, मागं बाकीचे. त्यात गेणबा होता, कुशाबाचा शेजारी. दोघांच्या घरांची भिंत एकच. गेणबाच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी कळलेलं दुपारपर्यंत शेजारच्या हाडशीला पोचवील असा माणूस. ग्रामसेवकानं कागद काढला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, “जयसिंग कुशाबा!”

ग्रामसेवकानं जीभ चावली. गेणबासुद्धा गप्प.

“हजर,” कुशाबा म्हणाला.

जीप निघाली. पौड गेलं, भूगाव गेलं, पुणं आलं आणि मागं पडलं. गेणबाचं तोंड पुन्हा सुरू झालं. “सरकारनं आजवर फुकाट काय दिलं आसंल तर हे धक्के,” म्हणाला. माणसं हसत होती. कुशाबा कडेच्या लोखंडी दांडीला धरून बसला होता आणि बायकोचा प्रश्न मनात घोळवत होता. येतात म्हणाले, तर पोरगा खरा होता आणि आपण त्याची गावात फजिती केली. येत नाहीत म्हणाले, तर पोरगा खुळाच ठरला, आणि खुळा ठरूनच गेला. इकडं आड, तिकडं विहीर. त्यानं दोन्हीकडं डोकावून पाहिलं. कुठंच काही वाटलं नाही.

बाग मात्र बघण्यासारखी होती. पांगाऱ्याच्या खुंटांवर वेल चढवलेले, ओळीच्या ओळी, आणि हात लावाल तिथं घड. मालक मोठा बोलका गडी. त्यानं प्रत्येकाच्या हातात एक एक घड दिला. वर्षातून दोनदा छाटणी कशी करायची, मोरचूद आणि चुना कालवून पानांवर कधी मारायचा, सगळं हातवारे करून सांगितलं.

“का वो,” गेणबा म्हणाला, “इलायतेत ह्याची म्हनं दारू काढत्यात. गावंच्या गावं हायेत म्हनं नुसती तेवढ्यासाठी.”

“दारूबंदी आहे,” ग्रामसेवक घाईघाईनं म्हणाला.

“मी कुटं मागतोय? इच्यारलं आपलं.”

सगळे खदखदून हसले. कुशाबा घडातलं एक एक द्राक्ष तोडून बियांसकट चावून गिळत होता. हैबतरावानं विचारलं, “ग्वाड हाय का रं?”

“आसंल.”

मालक पुढं सांगत होता, “लई नाजूक काम. आभाळ आलं की मला अन्न जात न्हाई. पोटच्या पोरावानी बघावं लागतंय ह्येला. जरा नजर हलली की गेलंच म्हणा.” त्याला बिचाऱ्याला काय माहीत! कोळवणची माणसं एकदम खाली बघायला लागली. कुशाबा तेवढा वर बघत होता, वेलाकडं.

“मालक,” तो म्हणाला, “आमच्याकडं येतील का?”

“गाव कुठलं तुमचं?”

“कोळवण. मुळशीच्या अंगाला.”

“पाऊस?”

“शंभर इंचांच्या वर,” ग्रामसेवक म्हणाला.

मालक हसला. वाईट हसला नाही, पण हसला. “आवो, आमच्याकडं वीस इंच पडतोय, तरी केवडा रोग पडून पानं जात्यात. शंभर इंचात पानं ऱ्हाऊ द्या, मुळ्या कुजतील. कुणाच्या डोक्यात आसंल तर काढून टाका. भात लावा आन सुखी ऱ्हावा.”

हैबतरावानं कुशाबाच्या पाठीवर थाप मारली. “बघ! तवाच म्हनत हुतास तू. तुजंच खरं झालं, कुशाबा.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्यांना खरंच वाटलं, माणसाच्या जिवाला तेवढाच विसावा. गेणबा म्हणाला, “बोलला न्हाई मानूस, पर बोलला तवा बरूबर बोलला.” चावडीवर हसलेलीच ही माणसं. कुशाबानं हातातला रिकामा देठ नीट बघितला आणि टाकून दिला.

जीप परत फिरली. हडपसर मागं पडलं, पुणं मागं पडलं. पोट भरलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर पेंगायला लागली. भूगावच्या अलीकडं चढाला जीप हळू झाली, आणि कुशाबाच्या मनात एक साधी गोष्ट आली. जयसिंग असता तर आज ह्याच जागेवर बसला असता. ही जागा त्याचीच. त्यानं मालकाला हेच विचारलं असतं, दहा वेळा उलटसुलट विचारलं असतं, आणि हेच ऐकलं असतं. येताना गाल फुगवून बसला असता. आणि रात्री जेवताना आईकडं बघत का होईना, म्हणाला असता, “आबास्नी म्हनावं, न्हाई येत द्राक्षं.” मग आपण म्हणालो असतो, “आसू दे रं. दुसरं कायतरी लावू.” आज. आज संध्याकाळी बोलणं सुरू झालं असतं.

कुशाबाच्या छातीत कळ आली. चार महिन्यांतली पहिली. ती इतकी सणकून आली की त्यानं दांडी दोन्ही हातांनी धरली. शेजारच्या गेणबाला वाटलं, गाडी लागली. “पान्याचा घोट घे,” तो म्हणाला. कुशाबानं मान हलवली. दोघांतल्या एकानं माघार घ्यायला पाहिजे होती. पोराला आता ती घेता येत नव्हती.

दिवेलागणीला जीप चावडीवर आली. गेणबा आणि कुशाबा चालत घराकडं गेले. तुळजाबाई दारातच उभी होती, हातात पेटलेली चिमणी.

“इच्यारलं?”

“इच्यारलं.”

“मंग?”

“येत्यात,” कुशाबा म्हणाला. “झ्याक येत्यात म्हनला मालक. हिरीजवळचं खाचर तर त्येला लई सोयीचं.”

गेणबानं तोंड उघडलं. जन्मात त्याला ते वेळेवर मिटता आलं नव्हतं. त्यानं कुशाबाकडं पाहिलं, तुळजाबाईकडं पाहिलं, तोंड मिटलं आणि राम राम न करताच आपल्या घरात गेला.

“मंजी माझं प्वार खुळं नव्हतं.”

“नव्हतं.”

“आन तुमी?”

“मी चुकलो.”

हा शब्द कुशाबाच्या तोंडून कोळवणात कुणी ऐकला नव्हता. तुळजाबाईनं चिमणी खाली ठेवली आणि ती तिथंच बसून रडली. जयसिंगला नेलं तेव्हाही ती अशी मोठ्यानं रडली नव्हती. कुशाबा उभाच होता. त्याला वाटलं, झालं, आता हिचं तरी मन मोकळं झालं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वर बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं.

“मंग ह्येच त्येला म्हनायचं हुतं की वो. त्येवढ्या येका शब्दासाठी थांबलं हुतं प्वार. काय जात हुतं तुमचं?”

“काय न्हाई,” कुशाबा म्हणाला, आणि उंबऱ्यावर खाली बसला.