गाडीखाली कोण जाणार

पेडगावच्या फाट्यावर बजरंग गिरामचं कमानपाट्याचं, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या लोखंडी पानांच्या दुरुस्तीचं, दुकान आहे. ट्रॉली असो की टेम्पो, पाट्यावर नुसता हात फिरवून कुठलं पान बदलायचं ते तो सांगतो. पण तीन वर्षं झाली, बजरंग कुठल्याच गाडीखाली जात नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "डॉक्टरनं मनाई केलीय." डॉक्टरनं तसं काही सांगितलेलं नव्हतं. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, विजयमालाला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी, कारखाने सुरू व्हायच्या तोंडावर, तो एका उसाच्या ट्रॉलीखाली बुश बदलत होता. पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात, त्यात नळीसारखं रबर बसतं, तेच बुश. ते झिजलं की लोखंडावर लोखंड आपटतं. दुकानापुढं तेव्हा नुसती काळी माती होती आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला. जॅकखालची फळी एका बाजूनं रुतली आणि ट्रॉली, काही आवाज न करता, हळूच खाली बसली. ॲक्सल बजरंगच्या छातीवर आला. लोक दुसरा जॅक घेऊन येईपर्यंत वीस मिनिटं गेली. श्वास बाहेर सोडला की परत आत घ्यायला जागा कमी पडायची, म्हणून तो श्वास सोडायलाच घाबरत होता. तीन फासळ्या मोडल्या. त्या दोन महिन्यांत जुळल्या.

बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी तो एका जीपखाली शिरायला गेला. कमरेपर्यंत आत गेला आणि हात बधिर झाले. कसाबसा बाहेर आला आणि भिंतीशी जाऊन ओकला. विजयमालानं पाण्याचा तांब्या दिला. तिचं माहेर ऊसतोडीला जाणारं, लहानपणापासून मोळ्या उचललेले हात. दुकानात पाने-पकडी हातात देता देता तिला सगळं काम समजलेलं होतंच. तिनं साडीवरून बजरंगचा जुना शर्ट चढवला, पदर आत खोचला आणि जीपखाली गेली. त्या दिवसापासून तीच जात होती.

बजरंगला वाटलं होतं, बाहेर उभं राहिलं की सुटलो. झालं उलटंच. आधी स्वतःच्या छातीची भीती होती, आता तिच्या छातीची. दुकानापुढं त्यानं सिमेंटचा कोबा करून घेतला. गाडी जॅकवर उचलली की ती लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तीन पायांच्या टेकूंवर, ठेवायची, घोड्या हलवून बघायच्या, परत बघायच्या. विजयमाला खाली असेपर्यंत तो दर थोड्या वेळानं विचारायचा, "हाय का?" खालून आवाज यायचा, "हाय." तेवढ्यावर त्याचा पुढचा श्वास निघायचा.

यंदा जानेवारीत परभणीच्या दातांच्या डॉक्टर मंजुषाताई एक गाडी घेऊन आल्या. लाल, दोनच सीटांची, वर छत नाही, आणि इतकी ठेंगणी की दाराच्या वरची कड बजरंगच्या मांडीला लागत होती. त्यांचे आजोबा बन्सीधर पूर्णेला रेल्वेत फिटर होते. त्यांचा साहेब कायमचा परदेशी गेला तेव्हा गाडी आजोबांकडे आली. पन्नासएक वर्षं ती घरातच होती.

"वळणावर मागची बाजू आपल्या मनानं जाते," मंजुषाताई म्हणाल्या. "परवा वसमत रोडला समोरून ट्रक आला. मी स्टेअरिंग वळवलं, गाडीचं तोंड वळलं, पण बूड तसंच सरळ चाललं. कशी वाचले मला माहीत नाही. मागची बुशं गेलीत. नवीन बाहेरून मागवलीत, पण शहरात कुणी हात लावायला तयार नाही."

बजरंग खाली वाकून बघत होता. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नव्हतं. उचलून घोड्यांवर ठेवली तरी खाली पडलेल्या माणसाच्या नाकाशी लोखंड येणार होतं. 'आमच्यानं व्हायचं न्हाई', हे शब्द त्याच्या तोंडात तयार होते.

"ठिवा गाडी," विजयमाला मागून म्हणाली. "पाटा तर सारखाच असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काम सुरू झालं. बजरंगनं पुढच्या चाकांना विटा लावल्या. लहान हातोडीनं गाडीचा खालचा पत्रा ठोकत गेला. कुठं खणखणीत आवाज यायचा, कुठं भद् व्हायचं. भद् झालं की तिथं पुट्टी भरून रंग मारलाय हे कळायचं. चांगल्या आवाजाची जागा शोधून त्यानं दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या. मन मानेना, म्हणून मागची दोन्ही चाकं काढली होती तीही आडवी करून, त्यांवर लाकडी ठोकळे ठेवून, दारांखाली सरकवली. मग गाडीला खांदा लावून हलवली. हलली नाही.

"बस करा आता," विजयमाला म्हणाली आणि डाव्या बाजूनं पाठीवर सरपटत आत गेली. बाहेर फक्त तिचे पाय राहिले.

मागचे नट सुटले, पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सुटले. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बोल्ट मात्र निघेना. बुशाच्या आतल्या लोखंडी नळीत तो गंजून एकजीव झाला होता. एरवी बजरंगनं गॅस लावून तापवला असता. पण पेट्रोलची टाकी हातभर मागं होती. म्हणजे आखूड दांड्याच्या घणाशिवाय इलाज नव्हता.

"हाय का?"

"हाय. मारू का?"

"बेतानं मार."

पहिल्या घावाला गाडी थरथरली. दुसऱ्याला, तिसऱ्याला डाव्या घोडीशेजारी तांबडी भुकटी गळाली. बजरंग उकिडवा बसून तिथंच बघत होता. घोडी जिथं टेकली होती त्याच्या वरच्या रंगाला केसाएवढी चीर पडली. त्याला वाटलं, आधीचीच असेल. पुढच्या घावाला ती बोटभर लांब झाली.

त्याला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. सगळं अंग त्या चिरेकडं बघत राहिलं, जसं काही नजरेनंच पत्रा धरून ठेवता येणार होता. आणखी एक घाव बसला. पत्रा कागदासारखा फाटला, घोडीचं डोकं आत घुसलं आणि गाडी डावीकडं चार बोटं खाली येऊन ठोकळ्यावर धप्पकन बसली.

घण थांबला.

"ओ," विजयमालाचा आवाज आला. "काय झालं?"

बजरंग वाकून उजवीकडची घोडी बघत होता.

"आवो, बोला की. मला हलता यीना."

चाकानं गाडी पेलली होती. विजयमालाच्या अंगावर ओझं आलं नव्हतं, पण कूस बदलायलाही फट उरली नव्हती. आणि उजवीकडची घोडी आता तीन पायांवरून दोनच पायांवर आली होती. ती सुटली असती तर गाडी ठोकळ्यावरूनही घसरली असती.

"हलू नको," बजरंगच्या तोंडून एवढंच आलं.

रस्त्यावर जाऊन कुणाला तरी थांबवावं, हा विचार त्याच्या मनात आला. पाय तिकडं वळलेसुद्धा. पण मागच्या वेळी लोक यायला वीस मिनिटं लागली होती, आणि त्यातलं मिनिट न् मिनिट त्याच्या अंगात राहिलं होतं. ती घोडी वीस मिनिटं थांबेल असं दिसत नव्हतं.

बाटलीसारखा छोटा जॅक भिंतीशी होता. तो चेसिसच्या मधल्या आडव्या दांडीखाली लावायला हवा होता आणि तिथवर बाहेरून हात पोचत नव्हता. बजरंग मागच्या बाजूनं जमिनीवर पालथा पडला. डोकं आत घातलं, खांदे घातले. पेट्रोलचा आणि जुन्या ग्रीसचा वास आला आणि छाती आवळली गेली. तो तिथंच थांबला. बाहेर पडावं असं अंगातला कण न् कण सांगत होता. विजयमालाचा चेहरा त्याच्यापासून दोन हातांवर होता. तिच्या गालावर गंज पडला होता आणि डोळे ताठ उघडे होते. बायकोचे असे डोळे त्यानं कधी बघितले नव्हते.

"तुमी कामून आलाव आत?" ती पुटपुटली.

"बोलू नको."

कोपरावर सरकत तो कमरेपर्यंत आत गेला. जॅक दांडीखाली उभा केला. जॅकचा दांडा भोकात बसेना. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. तो एकेक दाब देत गेला आणि प्रत्येक दाबाला वाटत होतं, आता घसरतोय, आता. पत्रा करकरला. गाडी एक बोट उचलली, मग दोन.

"सरक," तो म्हणाला.

विजयमाला पाय रोवून बाहेर सरकली. तिचं पोट, मग खांदे, मग केस दिसेनासे झाले. गाडीखाली आता तो एकटाच होता. बाहेर कसा आला ते त्याला पुढं कधी नीट आठवलं नाही. कोपरं सोलली होती, शर्ट फाटला होता.

दोघं कोब्यावर भिंतीला टेकून बसले. विजयमालानं हात मांडीवर एकमेकांत दाबून धरले होते.

"मला दर खेपंला भ्या वाटतं," ती म्हणाली. "पहिल्या दिसापासून."

बजरंगनं मान वळवली. "तू कधी बोललीस न्हाईस."

"काय बोलू? तुमी आधीच रात रात जागायचे. दोघांनी भिऊन दुकान कसं चाललं असतं?"

तीन वर्षं तो समजत होता की हिला भीतीच नाही. त्या बळावर तर तो बाहेर उभा राहू शकत होता. त्यानं तिच्या गालावरचा गंज पुसला.

दुपारी त्यानं मंजुषाताईंना फोन करून बोलावलं आणि फाटलेला पत्रा दाखवला. तो जरा रागावलेलाही होता. "ताई, ही जागा नुसती रंगावर उभी होती. माझी बायको खाली होती." मंजुषाताई खाली बसल्या, बोटानं पत्रा दाबून बघितला, तो पापडासारखा तुटला. त्यांचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी रोज यात बसत होते." गाडी घेऊन जाते, असंही म्हणाल्या. विजयमालानंच नको म्हटलं. पाटा निम्मा उघडलेला असताना गाडी कुठं न्यायची, असा तिचा रोकडा सवाल होता.

पुढच्या चार दिवसांत टाकी काढून लांब ठेवली गेली, सडका पत्रा कापून नवा जाड पत्रा वेल्डिंगनं जोडला गेला. तो अडलेला बोल्ट करवतीच्या पात्यानं बाहेरून, गाडीशेजारी बसून, बजरंगनं दीड तास कापला. पाट्यातून निघालेलं जुनं रबर खडकासारखं कडक झालं होतं आणि भोक अंड्यासारखं लांबुळकं. नवीन बुशं साबणाचं पाणी लावून शिकंज्यात, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, दाबून बसवली. दोन्ही बाजूंचे पाटे चढवले.

आता शेवटचं काम राहिलं. बुशाचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच कसायचे असतात, नाहीतर रबर पिळून फाटतं. म्हणजे गाडी चाकांवर उभी करून कुणीतरी खाली जायला हवं. बजरंगनं रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणून चारी चाकांखाली रचले. जॅक नाही, घोडी नाही.

"मी जातो," तो म्हणाला.

चार बोल्ट होते. एक बोल्ट कसला की तो बाहेर यायचा, पाणी प्यायचा, भिंतीशी उभा राहायचा आणि परत जायचा. तिसऱ्या बोल्टाला त्याला वाटलं, आता आपल्याच्यानं होणार नाही. विजयमाला चाकाजवळ बसून त्याच्याशी उगीचच काहीबाही बोलत होती, गावातल्या लग्नाचं, शेंगांचं. चौथा बोल्टही कसला गेला.

संध्याकाळी मंजुषाताईंनी गाडी रस्त्यावर काढली. शेजारच्या सीटवर बजरंग. मोठं वळण आलं तेव्हा समोरून एसटी येत होती. त्यांनी स्टेअरिंग वळवलं आणि गाडीचं बूड तोंडामागं गुमान आलं.

"तुम्ही दार का एवढं घट्ट धरलंय?" मंजुषाताईंनी विचारलं. "भीती वाटतेय?"

"व्हय, ताई," बजरंग म्हणाला. "लय वाटायलीय."

गाडी आता दर दोन महिन्यांनी ग्रीसिंगला येते. दुकानापुढं तोंडाशी उतार ठेवून विटांच्या दोन ठेंगण्या भिंती बांधल्या आहेत, त्यांवर गाडी थेट चढवायची. खाली कधी विजयमाला जाते, कधी बजरंग. ज्या दिवशी ज्याला जमत नाही तो तसं सांगतो. दोघांनाही जमणार नाही असा दिवस आला, तर गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगतात.