भरवशाचा दोर

कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारी एक जर्मन आजोबा राहायचे. जन्मभर दोरखंड वळलेला माणूस, त्यामुळे आमची कपडे वाळत घालायची दोरी जरा सैल दिसली की न विचारता आवळून जायचे. त्यांच्यासमोर इंग्रजीत नुसतं ‘रोप’ म्हटलेलं खपायचं नाही. कपड्यांची ती ‘लाइने’, गुरांचा तो ‘श्ट्रिक’, आणि ज्याच्या भरवशावर माणूस जीव टांगतो तो ‘झाइल’. झाइलचं मूळ ‘बांधणं’, तुमचा संस्कृतातला सेतूही त्याच मुळातला, हे ते कुंपणावरून मला दर आठवड्याला नव्याने सांगायचे, आणि मीही नव्याने ‘रिअली?’ म्हणायचे.

लेकीच्या बारशाला पाळणा त्यांनीच टांगला. तुळईत हुक बसवला, सगळ्या गाठी ओढून पाहिल्या आणि मला बजावलं, “आधी वजन घालून बघायचं. बाळ नंतर.”

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, मग आपण दुसरं काय करतो?” आणि रीतीप्रमाणे, पुण्याहून आणलेला वरवंटा कुंची घालून पाळण्यात निजवला.

आजोबा बघतच राहिले. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

वरवंटा निघाला, बाळ पाळण्यात गेलं. झोका द्यायची रेशमाची बारीक दोरी सासूबाईंनी आत्याऐवजी आजोबांच्या हातात दिली.

“ही तर लाइने ना?” मी चिडवलं.

त्यांनी बाळावरची नजर काढली नाही.

“झाइल,” ते म्हणाले, आणि दोरी हळूच ओढली.